व्याह्यापासून चार हात लांब

वरोरच्या सुषमाचा आवाज देवाने मासळी विकण्यासाठीच घडवला होता. डहाणूच्या बाजारात पाटी उघडून तिने ‘बोंबील घ्या, ओले बोंबील’ अशी हाक टाकली, की पलीकडच्या गल्लीतल्या चहावाल्याचा हात दचकून साखर जास्त टाकायचा, असं लोक सांगतात. लोकांचं सोडा, पण तिचा नवरा, नविन, घरापुढे जाळी विणत बसलेला असायचा, त्याला ती नाक्यावर रिक्षातून उतरली की कळायचं. नविन अबोल माणूस. त्या घरात बोलायचं काम एकीने पत्करलं होतं आणि ती ते चोख करत होती.

आवाजाला शोभतील असे हातही तिला मिळाले होते. माशांच्या पाट्या चढवून-उतरवून ते इतके भक्कम झाले होते, की तिने दार नुसतं लोटलं तरी कडी खिळखिळी व्हायची. आणि या दोहोंच्या जोडीला होती दुसऱ्याच्या अडचणीत उडी घ्यायची हौस. कुणाचं बाळंतपण असो, कुणाचं भांडण असो, सुषमा बोलवायच्या आधी हजर. काही वेळा तर अडचण यायच्याही आधी.

२०१७ च्या पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या होत्या आणि माणसं रिकामी बसली होती, तेव्हा मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर सुनिता आल्या. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेने सोसायटीला एक यंत्र भेट दिलं होतं. हृदय अचानक बंद पडलं तर विजेचा झटका देऊन त्याला ताळ्यावर आणणारं. यंत्र आलं, पण चालवायचं कुणी? म्हणून ही शिकवणी. पुरुष मंडळी पुढे बसून चहाची वाट बघत होती, बायका मागे बसल्या होत्या, आणि मधे सतरंजीवर एक रबरी माणूस पडला होता. नुसता कमरेपर्यंतचा.

“याचे पाय कुठे गेले गो?” म्हाताऱ्या बुधीबाईने विचारलं.

“पाय असते तर तुम्हाला बघून पळाला नसता का?” सिस्टर म्हणाल्या, आणि त्या क्षणापासून बायका त्यांच्या झाल्या.

सिस्टरनी सगळं करून दाखवलं. माणूस पडलेला दिसला की आधी त्याचे दोन्ही खांदे धरून हलवायचे आणि मोठ्याने हाक मारायची, “ऐकू येतं का?” उत्तर नाही, श्वास नीट नाही, तर एकशे आठला फोन करायला आणि यंत्र आणायला माणसं पिटाळायची, आणि आपण छातीच्या मधोमध तळहात ठेवून दाबायला लागायचं. जोरात, भरभर, थांबायचं नाही. यंत्र आलं की उघडायचं. ते स्वतःच बोलतं, ते सांगेल तसं करायचं. मग त्यांनी एक गोष्ट जरा हळू आवाजात सांगितली.

“हृदय बंद पडलेला माणूस कधी कधी घोरल्यासारखा आवाज करतो. एक आचका, मग काही नाही, मग पुन्हा एक. लोक म्हणतात, श्वास चालू आहे, झोपलाय. तो श्वास नसतो, बायांनो.”

बायकांची खुसखुस चालूच होती. सुषमा मात्र सतरंजीच्या कडेपर्यंत पुढे सरकली. पंधराएक वर्षांपूर्वी तिचा थोरला भाऊ रघ्या बोटीवरून बर्फ उतरवून आला होता आणि ताडाच्या सावलीत आडवा झाला होता. घोरत होता. ‘चढलीय त्याला, झोपू दे,’ सगळे म्हणाले, सुषमाही म्हणाली. संध्याकाळी उठवायला गेले तेव्हा तो गार पडलेला होता. इतकी वर्षं तिला वाटायचं, भाऊ झोपेत सुखाने गेला. आज कळलं, तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जात होता. रबरी माणसावर हात ठेवायची तिची पाळी आली तेव्हा तिने तो असा दाबला की आतली स्प्रिंग कुरकुरली.

“थोडं कमी चालेल,” सिस्टर म्हणाल्या.

त्या दिवसापासून गावाचं काही खरं राहिलं नाही. सुषमाने उशीवर सराव केला, मिठाच्या गोणीवर केला. रात्री नविनचं घोरणं थांबलं की ती उठून बसायची आणि ते पुन्हा सुरू होईपर्यंत त्याच्या छातीकडे टक लावून बघायची. बिचारा नविन कूस बदलायलाही घाबरू लागला. पूर्वी नावाची त्यांची लेक कपाळावर हात मारून म्हणायची, “आई, बाबा जिवंत हायत. झोपू दे त्यांना.”

यंत्र गंजू नये म्हणून सोसायटीच्या मॅनेजरने ते कपाटात कुलूपबंद ठेवलं होतं. सुषमा त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. “माणूस मरायला टेकला की आधी तुला शोधायचा, मग तुझी किल्ली शोधायची, होय रे?” हे तिने तिच्या नेहमीच्या आवाजात विचारलं, म्हणजे अर्ध्या वरोरने ऐकलं. दुसऱ्या दिवशी यंत्र बर्फखान्याच्या बाहेरच्या भिंतीवर, छपराखाली, काचेच्या पेटीत लागलं. दसऱ्याला बोटींच्या इंजिनांबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहिलं गेलं आणि झेंडूची माळ चढली. माळ घालणारी कोण, हे सांगायला नको.

असं सगळं मजेत चाललेलं असताना पूर्वीला स्थळ आलं. मुलगा तलासरी तालुक्यातल्या झाईचा, जतीन. बोटीचं इंजिन दुरुस्त करणारा, हसऱ्या तोंडाचा. खरं म्हणजे स्थळ आलं नव्हतं. दोघांनी आपसात आधीच ठरवून मग ते आणवलं होतं, पण मोठ्यांना तसं दाखवायचं नसतं. जतीनचा बाप देवजी तांडेल. उभं आयुष्य बोट चालवलेला, रुंद छातीचा, झुपकेदार मिशांचा विधुर. गुजरातच्या हद्दीला लागून राहणारा, म्हणून व्याहिणीला वेवाण म्हणणारा. शब्दाला पक्का आणि रागाला त्याहून पक्का.

माघात देवजी चार माणसं घेऊन वरोरला आला. बोलणी झाली, मांदेलीचं कालवण झालं, ताडी झाली. मग पाहुणा मागच्या पडवीत, घडी घालून ठेवलेल्या जाळ्यांवर, जरा लवंडला.

सुषमा भांडी घेऊन मागे गेली तेव्हा तिच्या कानावर ते घोरणं पडलं. जाड माणसं घोरतात तसंच होतं ते. मधेच थांबायचं, बराच वेळ सामसूम, मग एक मोठा घरघराट. नविनही थोडंफार असंच घोरायचा. पण त्या सामसुमीत सुषमाला रघ्या दिसला आणि तिच्या हातातलं भगुणं खाली आलं.

पहिली पायरी तिला तोंडपाठ होती. खांदे हलवायचे, हाक मारायची. पण व्याह्याच्या खांद्याला हात कसा लावायचा? आणि हाक कुठली मारायची? व्याह्याचं नाव कुणी घेतं का? तिने पदर डोक्यावर ओढला आणि डहाणूचा बाजार हलवणारी ती बाई माशीलाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “अवं… ऐकलं का?”

माणूस उठला नाही. कसा उठणार? झोपला होता. सुषमाने हाताची बोटं एकमेकांत अडकवली, देवीचं नाव घेतलं आणि दाबलं.

पाच-सहा दाबांतच देवजी तांडेल ओरडत उठला. बोट खडकावर आदळली, असंच त्याला वाटलं. डोळे उघडले तर छातीवर वेवाण. डोक्यावर पदर नीट घेतलेली, दोन्ही हात त्याच्या बरगड्यांवर. आजूबाजूला धावत आलेली माणसं. झाईच्या चौघांतला एक फिस्कन हसला, आणि झालं. देवजीने टोपी उचलली, छाती धरली आणि तो तडक चालू पडला.

लग्न मोडल्यातच जमा होतं. पूर्वी रडून रडून सुजली. तिकडे जतीनने जेवण सोडलं. चार दिवसांनी देवजीचा निरोप आला. पोरगी पसंत आहे, लग्न होईल, पण एक अट. वेवाणने आपल्यापासून चार हात लांब राहायचं. आयुष्यभर. पुन्हा अंगाला हात लागला तर त्याच घडीला सोयरीक तुटली समजायचं.

सुषमा सिस्टर सुनितांकडे जाऊन ढसाढसा रडली. सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं. हसू आवरायला त्यांना बरेच कष्ट पडले.

“खांदे हलवले होतेस?”

“व्याह्याचे? असं कसं बाय?”

“हाक मारलीस?”

“नावाने? मोठ्याने? जनाची लाज हाय का नाय?”

“म्हणजे खांद्याला हात लावायला लाज, आणि छातीवर चढायला नाही?”

सुषमाने पदराचं टोक तोंडात धरलं.

“पहिली पायरी गाळलीस गो,” सिस्टर म्हणाल्या. “ती केली असतीस तर तो नुसता जागा झाला असता.”

गावाला मात्र वर्षाची करमणूक मिळाली. बाजारात सुषमा दिसली की खलाशी छातीवर हात ठेवून बाजूला सरायचे. दुपारी बोटीच्या सावलीत झोपायचं तर पोरं आधी ओरडायची, “सुषमामावशी, आम्ही नुसते झोपतोय हां!” ती तोंडाने शिव्या द्यायची आणि आतून मरायची. पूर्वीने तिला देवापुढे उभं करून शपथ घातली होती, सासऱ्याला हात लावायचा नाही. सुषमाने ती घेतली होती आणि ती मोडणार नव्हती.

साखरपुडा चैत्रात ठरला, वरोरलाच, सोसायटीच्या हॉलमध्ये. सुषमा अंजिरी रंगाची नवी साडी नेसली होती आणि त्या साडीवर कालवणाचा थेंब पडू नये म्हणून ती पंगतीत अंग चोरून वावरत होती. देवजी जिकडे असेल त्याच्या उलट दिशेला ती. मोजायला कुणी बसलंच असतं तर चार हातांचं अंतर कधी कमी भरलं नसतं. वाटीत आमटी घालायची वेळ आली तेव्हा तिने नविनला पुढे केलं.

जेवणं झाली. उकाडा होता. देवजीने घामाने निथळत दोन ग्लास ताडी घेतली आणि हॉलबाहेरच्या ओट्यावर, बर्फखान्याच्या सावलीत, सतरंजी टाकून तो आडवा झाला. थोड्या वेळाने घोरणं ऐकू आलं.

“वेवाण, लांब व्हा हां,” झाईचा कुणीतरी ओरडला आणि हशा पिकला. सुषमाही कसनुसं हसली. हसता हसता थांबली.

तो आवाज वेगळा होता. पडवीतलं घोरणं तिच्या कानात पक्कं बसलं होतं. जन्माचा अपमान करणारा आवाज माणूस विसरत नाही. हा तसा नव्हता. लांबूनच तिने मान वाकडी करून बघितलं. देवजीचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं, टोपलीत टाकलेल्या माशाचं उघडतं तसं. छाती हलत नव्हती. सुषमाने उभ्या जन्मात हजारो मासे तसे बघितले होते. मासा तोंड उघडतो म्हणजे तो जगतोय असं तिच्या बाजारात कुणी समजत नाही.

तिने पाऊल उचललं. तेवढ्यात पूर्वीने तिच्याकडे बघितलं. नव्या साडीतली, हातभर हिरवा चुडा भरलेली, पोर नुसती मान हलवून नाही नाही म्हणत होती.

माणूस नुसता झोपलेला निघाला तर लेकीचा संसार मांडायच्या आत मोडणार होता, तोही आईच्या हाताने. आणि नुसता झोपलेला नसला तर? रघ्याला सगळ्यांनी झोपू दिलं होतं.

मग ती चालत गेली. चार हात, तीन, दोन, काहीच नाही. ओट्यावर गुडघे टेकले आणि पहिली पायरी केली. पदर खांद्यावरून घसरला तो घसरू दिला. व्याह्याचे दोन्ही खांदे गच्च धरून हलवले आणि देवाने दिलेला सगळा आवाज काढून हाक मारली.

“देवजीऽऽ! ए देवजी! ऐकू येतं का?”

हॉलमधली माणसं जागच्या जागी थिजली. वेवाणने व्याह्याला नावाने हाक मारली, तीही एकेरी. देवजीची बहीण मालू धावत आली. “सोड त्याला! ताडी चढलीय त्याला, सोड!”

पण हाकेला उत्तर आलं नव्हतं. त्या हाकेने बर्फखान्यामागची कुत्रीसुद्धा उठली होती, आणि हा माणूस उठला नव्हता. सुषमाला जे कळायचं ते कळलं.

“जतीन, भिंतीवरचं यंत्र आण! नविन, एकशे आठला लाव!” असं म्हणून तिने दाबायला सुरुवात केली. मालूने तिचा दंड धरून ओढलं. सुषमा हलली नाही. तेवढ्यात दुसऱ्या बाजूला कुणीतरी गुडघे टेकले आणि देवजीच्या सदऱ्याची बटणं सोडायला लागलं. हिरवा चुडा वाजला. पूर्वी होती ती.

“दमलीस की सांग,” पोर म्हणाली. “उशीवर बघून बघून मलापण आलंय.”

नविन फोनवर बोलत होता. बोलत काय, ओरडत होता. वरोर, सोसायटी, बर्फखाना, लवकर या. वीस वर्षांत त्याचा एवढा आवाज गावाने ऐकला नव्हता. सगळे एक क्षण त्याच्याकडेच बघत राहिले.

जतीनने यंत्र आणलं. झेंडूच्या सुक्या पाकळ्या अजून त्याला चिकटलेल्या होत्या. झाकण उघडताच यंत्रातली बाई हिंदीत बोलू लागली, स्टेशनवरची बोलते तशी, कसलीही घाई नसलेली. पट्ट्या छातीवर चिकटवायच्या होत्या, पण देवजीची छाती घामाने ओलीचिंब. सुषमाने इकडेतिकडे बघितलं आणि ती नवी अंजिरी साडी, जिच्यावर कालवणाचा थेंब पडू दिला नव्हता, तिचाच पदर घेऊन व्याह्याची छाती खसाखसा पुसून काढली. पट्ट्या बसल्या.

“मरीज़ को कोई न छुए,” यंत्रातली बाई म्हणाली.

“सरा लांब!” सुषमा गरजली आणि स्वतःही मागे झाली. झटका बसला. देवजीचं अंग उडालं. मालूने डोळे मिटून घेतले. यंत्राने पुन्हा दाबायला सांगितलं आणि सुषमाने पुन्हा दाबलं, मग पूर्वीने, मग परत सुषमाने. रडत रडत दाबत होती ती. “उठ रे देवजी, उठ. मला शिव्या घाल, पण उठ.”

किती वेळ गेला ते कुणाला सांगता येणार नाही. देवजीचा हात हलला. मग छाती आपली आपण वर आली. गाडीचा भोंगा नाक्यावर ऐकू आला तेव्हा त्याने डोळे अर्धवट उघडले होते. वर वेवाण. तेच हात, तीच बरगडी. त्याच्या ओठांची हालचाल झाली. जवळ असलेल्या पूर्वीने ते ऐकलं आणि ती एकदम हसत रडायला लागली. सासरा म्हणाला होता, “पुन्हा?”

डहाणूहून त्याला पुढे वापीला नेलं. हृदयाची नळी बुजली होती, ती डॉक्टरांनी उघडली. दोन बरगड्या मोडल्या होत्या, त्या आपल्या आपण जुळायच्या होत्या. देवजी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हृदयाचं काही सांगत नसे, बरगड्यांचं मात्र सगळ्यांना सांगे. “दाबते कसली! वल्ही मारायला ठेवली पाहिजे.” अट मागे घेतल्याचं मात्र त्याने कुणाला सांगितलं नाही. तांडेलचा शब्द होता. आणि सुषमाही अशी विचित्र बाई, की तो बरा झाल्यावर त्याच्यासमोर जायला तिला मेल्याहून मेल्यासारखं होई. भर हॉलमध्ये आपण व्याह्याला अरेतुरे केलं, ही लाज तिच्या मनातून जाईना. त्याला बघायला ती जायची ती दारातूनच. चार हातांचे आठ झाले होते.

लग्न पुढच्या फाल्गुनात झालं. मांडवात नाव घ्यायची वेळ आली. बायकांनी पूर्वीला घेरलं, “घे गो नाव, घे!” पूर्वी लाजत उभी राहिली, तोच देवजीने हात वर केला.

“थांबा. सुनेच्या आधी वेवाणने नाव घ्यायचं. माझं.”

मांडवात शिट्ट्या वाजल्या. सुषमा पदराआड झाली. कुणीतरी तिला ढकलत पुढे आणलं. ती जागीच खिळल्यासारखी उभी राहिली, आणि तो बाजारचा आवाज कुठे गेला ते तिलाही कळेना.

“मस्करी नाय करत,” देवजी म्हणाला. “आय गेली तेव्हापासून मला नावाने कोणी हाक मारली नाय. तांडेल म्हणतात, बाबा म्हणतात, काका म्हणतात. त्या दिवशी यांनी मारली म्हणे. अख्ख्या वरोरने ऐकली, कुत्र्यांनी ऐकली. मीच तेवढा ऐकू शकलो नाय. मला ऐकायची हाय.”

सुषमाने नविनकडे बघितलं. नविनने नुसती मान डोलावली. मग ती चालत गेली, सगळ्यांसमोर, चार हातांच्या आत, अगदी जवळ. त्याचे दोन्ही खांदे तिने धरले, सिस्टरनी दाखवले होते तसे. आवाज निघाला तो फाटका होता, पण निघाला.

“देवजी! ए देवजी! ऐकू येतं का?”

देवजी तांडेलने मिशांवरून हात फिरवला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्याने काही केलं नाही.

“येतं गो बाय,” तो म्हणाला. “ऐकू येतं.”